वाऱ्याचं देणं

भोपाळच्या मोठ्या तलावावर सप्टेंबर २०२३ मध्ये जे घडलं ते जगरहाटीच्या उलट होतं. दीडशे-दोनशे वर्षं माणसं शिडाकडून यंत्राकडे जात आली आहेत. उतारूंच्या बोटी गेल्या, मालवाहू जहाजं गेली, मग कोळ्यांच्या होड्या गेल्या, आणि शेवटी हौसेखातर शीड बाळगणारे लोकही वय झालं की मोटरच्या नौका घेऊ लागले. इथे मात्र यंत्र किनाऱ्याला लागलं आणि शीड पाण्यावर राहिलं. राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ खंडपीठाने त्या महिन्यात मोठ्या तलावातल्या क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायला सांगितलं. बोट क्लबच्या धक्क्यावरून पर्यटकांना फिरवून आणणारी 'लेक प्रिन्सेस' थांबली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूर या मुलीला शिडाच्या होडीच्या शर्यतीत रौप्यपदक मिळालं. नेहा देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. देवास म्हणजे पवारांची जुनी मराठी संस्थानं, कुमार गंधर्वांचं गाव. समुद्र तिथून शेकडो कोसांवर. ती शिडाची होडी शिकली ती भोपाळच्या याच तलावावर, इथल्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये.

दोन्ही बातम्या मी भोपाळमधल्याच शाहपुऱ्यातल्या घरी वाचल्या, आणि त्या एकमेकींना लागून वाचल्यासारख्या मनात राहिल्या. मी मूळची गाबीत, कोकणातल्या मच्छीमार समाजातली. आमच्याकडे शीड आणि इंजिन ही घरातली गोष्ट आहे.

शाहपुऱ्यालाही तलाव आहे. सत्तरच्या दशकात बांधलेला, लहान, चहूबाजूंनी वस्तीने वेढलेला. संध्याकाळी काठावर फिरणाऱ्यांची गर्दी असते, भुट्टेवाले असतात, मुलं सायकली फिरवतात. पण वस्तीचं सांडपाणी त्यात उतरतं, आणि उन्हाळ्यात वारा आपल्या बाजूला वळला की फिरणारे रुमाल नाकाला लावून पावलं उचलतात. मोठा तलाव पाहायचा तर शहर ओलांडून श्यामला हिल्सकडे जावं लागतं. मी रविवारी सकाळी जाते. नवरा होता तेव्हा दोघं जायचो. काठावर बसून मी सेलिंग स्कूलच्या मुलांच्या होड्या पाहते.

सगळ्यात लहान मुलांची होडी 'ऑप्टिमिस्ट' नावाची. जेमतेम २.३ मीटर लांब, पुढून चपटी, आंघोळीच्या टबाला डोलकाठी लावावी तशी. एक मूल, एक शीड, एक सुकाणू, आणि मध्यावर पाण्यात सरकवलेली एक फळी. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं ती चालवतात. पुढे 'आयएलसीए-४' येते, नेहाने पदक मिळवलं ती. तिचं शीड ४.७ चौरस मीटरचं आणि होडी सव्वाचार मीटरची. हिच्यातही माणूस एकटाच. शीड आवळायचं, सोडायचं, स्वतःचं अंग होडीबाहेर झोकून तोल धरायचा, हे सगळं त्याने एकट्याने करायचं.

काठावर बसणाऱ्या पुष्कळांना वाटतं की वारा मागून ढकलतो आणि होडी पुढे जाते. तसंही जाते, पण खरी विद्या वाऱ्याकडे तोंड करून जाण्यात आहे. वारा पश्चिमेचा असेल आणि पोचायचं ठिकाणही पश्चिमेला असेल, तर नाकासमोर जाता येत नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा शिडाला बंद असतो. त्यात नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, घातली की शीड फडफडतं आणि होडी जागच्या जागी राहते. मग तिरकं जायचं, पुन्हा नाळ फिरवून दुसऱ्या अंगाने तिरकं जायचं, असं नागमोडी चढायचं. शिडाच्या फुगीर पाठीवरून वारा वळतो आणि होडीला आडवं ओढतो. खालची फळी ते आडवं जाणं अडवते. उरतं ते पुढे जाणं. आठ-नऊ वर्षांची मुलं हे अंगाने शिकतात. डोंगरांनी आणि इमारतींनी वेढलेल्या तलावावर वारा सरळ नसतो. वनविहाराच्या बाजूने एक झोत येतो, तो थांबतो तोवर शहराच्या बाजूने दुसरा निघतो. पाण्याचा रंग कुठे गडद झाला हे पाहून पुढच्या झोताचा अंदाज बांधावा लागतो. ही मुलं समुद्रावर गेली की तिथला एकसारखा वारा त्यांना सोपा वाटत असेल, असं मला नेहमी वाटतं.

माझा मामा कोकणात देवगडला तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, होता. होडी त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची. आम्ही मुंबईला राहायचो. मे महिन्यात आई आम्हाला भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीत बसवायची. रात्रभर डेकवर वळकट्या पसरून झोपायचं, आणि बंदर आलं की आगबोट खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव यायचे, त्यांत माणसं, ट्रंका, कोंबड्या उतरवायच्या. म्हणजे पाचशे-सहाशे माणसांना मुंबईहून आणणाऱ्या यंत्रालाही शेवटचा अर्धा मैल वल्ह्यांच्या हवाली व्हावं लागे.

मामाच्या होडीचं शीड तिरक्या परबाणावर बांधलेलं असे. परबाण म्हणजे डोलकाठीवर आडवा-तिरका चढवलेला लांब वासा. दिशा बदलायची म्हणजे तो सगळा वासा शिडासकट डोलकाठीच्या पलीकडच्या अंगाला न्यायचा. वारा जोरात असला की हे काम चार माणसांच्या अंगाचं पाणी करी. होडीला मोरीच्या तेलाचा वास असायचा, आणि खलाशांच्या तळहातांवर दोराने पडलेल्या घट्ट्यांच्या रेषा. मला त्या होडीत बसवून बंदरातल्या बंदरात फिरवून आणत. बाहेर मुलींना नेत नसत, त्यामुळे समुद्रावरचं शीड मी किनाऱ्यावरूनच जास्त पाहिलं.

त्या होडीचा दिवस वाऱ्याने आखलेला होता. पहाटेपूर्वी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, त्यावर बाहेर पडायचं. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, त्यावर परतायचं. शाळेच्या भूगोलात हे वारे आकृती काढून शिकवतात. मामाच्या घरी ते घड्याळ होतं. आणि घड्याळ कधी बंदही पडे. वारा पडला की होडी उन्हात तशीच. मग वल्ही. मासळी नरम पडायची, बर्फ तेव्हा कुणाकडे नव्हता. मामी टोपली घेऊन किनाऱ्यावर उभी असायची. तिच्यासोबत आणखी दहा-बारा बायका. होडी दोन तास उशिरा आली की गावोगाव फिरून मासळी विकण्याची वेळ निघून जायची, आणि नरम मासळीला कुणी भाव द्यायचं नाही. सुकवायलाच जायची ती.

मी सातवी-आठवीत असेन तेव्हा होडीला इंजिन बसलं. स्वातंत्र्यानंतर पन्नाशीच्या दशकापासून सरकारने मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्यांमार्फत होड्यांचं यांत्रिकीकरण सुरू केलं होतं. उत्तरेकडे सातपाटी-वर्सोव्याकडच्या कोळ्यांनी आधी इंजिनं घेतली, आमच्याकडे जरा उशिरा आली. सुताराने मागच्या अंगाला लाकूड कोरून दांड्याला वाट केली. इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. डोलकाठी मात्र तशीच ठेवली. इंजिनाचा भरवसा काय, असं आजोबा म्हणायचे. दोन-तीन हंगाम दोन्ही होतं. मग एका उन्हाळ्यात आम्ही गेलो तर डोलकाठी नव्हती, आणि परबाणाचा वासा पडवीच्या छपराखाली गेला होता.

मी हळहळले. मुंबईच्या मुलीला हळहळणं सोपं होतं. मामीने मला तिथल्या तिथे सांगितलं, "गो बाय, आता माका ठावक असता, ते कितक्या वाजता येतले." आपला माणूस केव्हा येणार हे ठाऊक असणं. एवढं एक सुख त्या घरात पिढ्यानपिढ्या कुणाला मिळालं नव्हतं. वादळाची चाहूल लागली की इंजिनावर होडी बंदराकडे पळू शकते; शीड उतरवून बसलेल्या होडीला ते शक्य नसतं. किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या बाईच्या अंगाने पाहिलं तर शीड सुंदर होतं या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. मी तेव्हापासून शिडाबद्दल बोलताना मामीला वगळून बोलत नाही.

मामाचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते तक्रारीचं नव्हतं. तो होडीच्या अंगाबद्दल बोलायचा. "शीड होता तेवा होडी एका कुशीर ऱ्हवायची. आता धड हकडे नाय, धड तकडे नाय." हे निव्वळ जुन्याचं प्रेम नव्हे. वाऱ्याने भरलेलं शीड होडीला एका बाजूला कलतं धरून ठेवतं, लाट आली तरी ती सहजासहजी उलट्या अंगाला झुकत नाही. शीड गेलं की तो आधार जातो, आणि आडव्या लाटांत होडी एकसारखी डुलत राहते. मोठ्या मोटरनौकांना हे डोलणं आवरण्यासाठी पाण्याखाली पंख किंवा आत फिरती जड चाकं बसवावी लागतात. जे काम शीड जाता जाता करत होतं त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. मामाच्या होडीला अर्थातच तसलं काही नव्हतं. तो त्या डोलण्यातच जाळी ओढत राहिला, आणि पन्नाशीत त्याची कंबर गेली.

पुढचं सगळ्या किनाऱ्याचं आहे. इंजिन आलं म्हणून लांब जाता आलं, लांब जाता आलं म्हणून मोठी जाळी आली, शेजारच्याने मोठं इंजिन घेतलं म्हणून आपल्यालाही घ्यावं लागलं. पूर्वी वाऱ्याने दगा दिला तर दिवस वाया जायचा. आता मासळी मिळाली नाही तर दिवस जातो आणि डिझेलचे पैसेही जातात. डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, पण पैसे आधी घालावे लागतात आणि परताव्याची वाट पाहावी लागते. मामेभाऊ आता ती होडी नव्हे, तिच्यानंतरची तिसरी होडी चालवतो. त्याच्या तोंडी वाऱ्याचं नाव क्वचित येतं, डिझेलच्या पिंपाचं येतं. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो, मासळीच्या विणीसाठी. शीड-वल्ह्यावर चालणाऱ्या होड्यांना ती बंदी नाही. कायद्यालाही हे ठाऊक आहे की वल्ह्याची होडी समुद्रातून किती काढू शकेल याला मर्यादा आहे.

शिडाची ही वजाबाकी दुसऱ्या टोकालाही पाहिली आहे मी. माझे थोरले दीर इंग्लंडात साउथॅम्प्टनजवळ असतात. तिथे सोलंट नावाची सामुद्रधुनी आहे, मुख्य भूमी आणि वाइट बेट यांच्यामधली. जगात शिडाच्या नौकांची जितकी दाटी तिथे असते तितकी फार थोड्या ठिकाणी असेल. भरतीच्या पाण्याची रीतही तिथे वेगळी. साउथॅम्प्टनला भरतीचा कळस लागोपाठ दोनदा येतो, त्यामुळे पाणी बराच वेळ चढलेलं राहतं. भाऊजींची शिडाची नौका होती. देशावरचा माणूस, तरुणपणी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि तिथे जाऊन वाऱ्याचा असा नाद लागला की सुट्ट्या सगळ्या त्याच्यावर. गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांनी ती विकली आणि मोटरची क्रूझर घेतली. नौकांच्या मंडळातल्या जुन्या सोबत्यांनी त्यांना जवळजवळ सुतक असल्यासारखे फोन केले. भाऊजी मला म्हणाले, "अगं, सगळे मला विचारतात, वाईट वाटलं का. तुझ्या जाऊबाईंना एकानेही विचारलं नाही."

म्हणून मी जाऊबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला तिरप्या घरात स्वयंपाक करायचा नव्हता कधीच." कलत्या नौकेत उभं राहून चहा करणं, दोर ओढणं, चरकीचा दांडा फिरवणं, पावसात पुढच्या टोकावर जाऊन शीड उतरवणं, यांतलं निम्मं काम त्या करायच्या, आणि हौस सगळी भाऊजींची होती. नव्या नौकेत बसायची जागा बंदिस्त आहे, समोरच्या काचेला वायपर आहे, जमीन सपाट राहते. जेवायला निघालं की जेवणाच्या वेळी पोचतात. जाऊबाई आता स्वतः सुकाणू धरतात. शिडाच्या नौकेत ते त्यांनी कधी मागितलं नव्हतं आणि कुणी दिलंही नव्हतं. संधिवात झालेल्या बोटांना जे झेपतं ते त्या चालवतात. हे मला फार चांगलं वाटलं.

भाऊजींनी सागरी नियमातली एक बारकाई मला समजावली होती, ती मी विसरू शकत नाही. समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत. त्यांप्रमाणे साधारणपणे मोटरच्या नौकेने शिडाच्या नौकेला वाट द्यायची असते, कारण शिडाला हवं तिथे वळता येत नाही. पण शिडाच्या नौकेने शीड चढवलेलं असतानाच आतलं इंजिन सुरू केलं, तर त्या क्षणापासून ती मोटरची नौका. तिचा वाट मिळण्याचा हक्क संपला. आणि दुरून शीड पाहून दुसऱ्याची फसगत होऊ नये म्हणून तिने पुढच्या भागात एक काळा शंकू टोक खाली करून टांगायचा. पुष्कळ लोक टांगत नाहीत. भाऊजी न चुकता टांगायचे. शीड दिसतंय म्हणून लोकांनी आपल्याला वाट द्यावी आणि आपण आतून डिझेल जाळत असावं, हे त्यांना पटायचं नाही.

हा शंकू मला भोपाळच्या प्रकरणात आठवत राहतो, कारण होडी आतून कशावर चालते ते तो लपवू देत नाही. होडी कशानेही चालो, कुणीतरी तिचं मोल देत असतं. शिडाच्या होडीत ते वेळेने आणि दंडांच्या बळाने दिलं जातं. आंग्र्यांच्या काळातसुद्धा हेच होतं: गुराब मोठी, तोफांची, शिडावर चालणारी, वारा पडला की लहान गलबतं वल्ह्यांवर तिला ओढून न्यायची. इतिहासात गुराबेचं नाव राहतं, ओढणाऱ्या खलाशांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. इंजिन आलं आणि ते दंड सुटले, हे थोर काम झालं. पण मोल नाहीसं झालं नाही. ते पिंपात गेलं, कर्जात गेलं, मासळीच्या साठ्यात गेलं आणि पाण्यात गेलं. समुद्र अफाट आहे म्हणून पाण्यात गेलेलं दिसायला उशीर लागतो. तलावात लागत नाही.

मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घालून केला असं मानलं जातं. आज त्याचं पाणी सुमारे ३१ चौरस किलोमीटर पसरतं, आणि ३६१ चौरस किलोमीटरांवर पडणारा पाऊस त्यात उतरतो. १९६५ मध्ये भदभद्याला दरवाजे असलेलं धरण झालं आणि पाणी आणखी वाढलं. २००२ पासून भोज पाणथळ म्हणून तो पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट अशी की हजार वर्षांनंतरही या शहरातली लाखो माणसं हे पाणी पितात. सुभाष पांडे या इथल्या पर्यावरण कार्यकर्त्याने लवादापुढे अर्ज केला तो याच मुद्द्यावर: पिण्याच्या पाण्यात डिझेलची यंत्रं कशाला? इंजिनाचा धूर, तेलाचे थेंब, त्यांतून पाण्यात उतरणारी द्रव्यं, यांचा विचार करून लवादाने आदेश दिला, आणि तो राज्यातल्या अशा इतर जलाशयांनाही लागू केला.

मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो. मी मामीची बाजू घेणारी बाई आहे, आणि मामीची बाजू घेऊनच सांगते. देवगडच्या होडीला इंजिन हवं होतं, कारण त्यावर घर चालत होतं. मोठ्या तलावातल्या क्रूझवर बसलेला माणूस अर्ध्या तासाने त्याच धक्क्यावर परत उतरत होता. त्याला कुठे पोचायचं नव्हतं. ज्याला कुठे पोचायचं नाही त्याची घाई पाण्याने का सोसावी? पण मोल इथेही कुणीतरी दिलंच. मोटरबोटी चालवणारे तरुण एका आदेशाने रिकामे झाले. त्यांचं त्या निकालाच्या दिवसांत कुणी फारसं बोललं नाही. आता तिथे काश्मिरी धाटणीचे शिकारे वल्ह्यांवर फिरतात. म्हणजे पुन्हा कुणाचे तरी दंड. त्या दंडांना चांगली मजुरी मिळावी, भर उन्हाच्या फेऱ्यांना मर्यादा असावी, वल्हेकऱ्याला सावली आणि पाणी असावं, हे ठरवणंसुद्धा तलाव वाचवण्याच्याच कामात धरायला हवं. जुन्या गलबतांची रीत पुन्हा आणायची तर तिच्यातलं विसरलेपण पुन्हा आणू नये.

आणि शाहपुऱ्याच्या तलावाचं काय? त्याचं पाणी कुणी पीत नाही. म्हणून त्याच्यासाठी असा कुठला आदेश आठवडाभर चर्चेत राहत नाही. तिथे एकही मोटर नाही आणि पाणी तरी हिरवंच. यंत्र काढून टाकलं की पाणी वाचतं असं म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी इकडे यावं. पाण्याला आधी कुणीतरी पिणारं, वापरणारं, त्याच्यावर अवलंबून असलेलं लागतं. माझ्या नातीने मला विचारलं की या तलावात ती छोटी शिडाची होडी का नाही. वारा तर इथेही आहे. पडल्यावर मुलाच्या तोंडात पाणी जातं, हे तिला सांगितलं. शिकताना होडी उलटणारच. ज्या पाण्यात मूल उलटू शकत नाही त्यात शीड चढत नाही. या तलावाला सांडपाण्यापासून सोडवायचं मोजमाप म्हणून मला हे पुरेसं वाटतं: आठ वर्षांच्या मुलीला त्यात निर्धास्त उलटता यावं.

शिडाबद्दल अलीकडे पुन्हा बोललं जातं ते कौतुकाने. कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' ही शिडाची नौका घेऊन ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीला वळसा घालून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली होती. त्याच दांडेकरांकडे पुढे 'कौंडिण्य' झाली: अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकात रंगवलेल्या जहाजावरून, फळ्या काथ्याने शिवून बांधलेली, इंजिनाशिवाय. २०२५ च्या डिसेंबरअखेर ती पोरबंदरहून निघाली आणि जानेवारीत मस्कतला पोचली. मला या दोन्हींचा अभिमान आहे. पण माझं मन जास्त गुंततं ते एका कोरड्या व्यापारी बातमीत. ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे भोपाळच्या आदेशाच्या आदल्याच महिन्यात, 'पिक्सिस ओशन' नावाचं अवाढव्य मालवाहू जहाज चीनहून ब्राझीलकडे निघालं. त्याच्या डेकवर ३७.५ मीटर उंचीची दोन ताठ, घडवलेली शिडं उभी होती. इंजिन होतंच, शिडं त्याचा भार हलका करत होती, आणि दिवसाला सरासरी तीन टन इंधन वाचलं. इथे हौस नव्हती की पुरातन काळाचं प्रेम नव्हतं. व्यापाऱ्याने वही उघडून हिशेब केला आणि वाऱ्याला पुन्हा खात्यावर घेतलं. वारा आणि यंत्र एकाच जहाजावर, दोघांनाही लाज न वाटता. माझ्या आजोबांनी दोन-तीन हंगाम तसंच चालवलं होतं.

ही बातमी मी मामेभावाला फोनवर सांगितली. मला वाटलं होतं तो ऐकून घेईल आणि डिझेलकडे वळेल. त्याने मात्र लगेच विचारलं की शीड केवढं. मी आकडा सांगितल्यावर तो म्हणाला, तेवढं नको. मागच्या अंगाला एक लहानसं, तीन-चार मीटरचं त्रिकोणी शीड उभं केलं तर जाळी ओढताना होडी डुलायची थांबेल का? मामाने सांगितलेलं त्याच्या लक्षात होतं. कंबर आता त्याचीही धरते. वेग नको, बचतही आली तर आली. कुशीवर राहिली तरी पुरे, म्हणाला. हे नवं नाही. कितीतरी देशांच्या मासेमारी नौका असं मागचं शीड वापरत आल्या आहेत. पण देवगडला आता शीड शिवणारा कुणी त्याला ठाऊक नाही. आजोबांच्या वेळचं कापड मादरपाटाचं होतं, ते ओलं झालं की जड व्हायचं आणि कुजायचं. आता कापड वेगळं आलं आहे, ते कसं कापतात आणि त्याच्या कडेला दोर कसा बसवतात हे त्याने पाहिलेलं नाही.

मी त्याला म्हटलं, "भोपाळला ये. इथली मुलं रोज तेच हाताळतात." समुद्रावरच्या तांडेलाने शीड पाहायला डोंगरातल्या तलावावर यायचं, याचं त्याला काही वाटलं नाही. मे अखेर होडी ओढून घेईन, शाकारीन, आणि जूनमध्ये येईन, असं तो म्हणाला. जूनमध्ये तलाव खाली गेलेला असतो, पण पश्चिमेचा वारा चांगला असतो. काल पुन्हा त्याचा फोन आला. त्याला दोन गोष्टी आधीच हव्या आहेत, म्हणजे येताना सामान आणता येईल: मुलांच्या होडीची काठी कशाची असते, आणि शीड आवळायचा दोर किती जाडीचा. येत्या रविवारी मी टेप घेऊन जाणार आहे आणि शिकवणाऱ्या सरांना विचारून दोन्हींची मापं घेणार आहे.